वाचून दाखविले

कॅम्पातला कौलारू बंगला. सेहेचाळीस साल, मार्गशीर्ष.
टेबलापलीकडे कॅप्टन, कडेला टाईपरायटरवर डिमेलो,
मधे मी, शहापूरच्या शाळेतला मास्तर,
रोजी साडेतीन रुपये, चहा सरकारी.
शपथ आधी मला दिली, मग त्याला.
तो बोलेल तेच मी बोलेन, कमी नाही, जास्ती नाही.
ही शपथ ज्यानं रचली
त्याला एकच भाषा येत असावी.

नायक कल्लाप्पा भरमा मोदगेकर, मुक्काम बेळगुंदी.
खुर्ची दिली, तर कडेवर बसला,
उठायला सांगतील अशा बेतानं.
बेटाचं नाव त्याला सांगता येईना.
"तिथं रताळी आमच्यागतच येत्यात," म्हणाला,
"माती तेवढी काळी."
सातेरीनं एक उपटलं. कच्चं. एवढंसं.
एवढंसं म्हणजे किती इंच, कॅप्टननं विचारलं.
कल्लाप्पानं करंगळी पुढे केली.
डिमेलोची बोटं हवेत थांबली.

"मग त्यानं सातेरीला मारलं."

इथं गाडं अडलं.
कॅप्टनला हवं होतं: मारलं, की मारलं?
एका शब्दाला सहा महिने, दुसऱ्याला फास,
आणि माझ्या आईच्या भाषेनं
दोन्ही एकाच गाडग्यात ठेवलेले.
पुन्हा विचारलं.
"मारलं म्हंजे मारलं की ओ मास्तर.
मी बघूलालतो."

काठी सोमवारी. सातेरी गेला बेस्तरवारी.
मधल्या दिवसांत ताप होता का? आमांश?
"ते तर सगळ्यांस्नीच."
बाहेर रंगरूट कवायत करत होते, डावा, उजवा, डावा.
कल्लाप्पा त्यांचे बूट बघत राहिला,
मग आजोळच्या बोलीत, माझ्याकडे न बघता,
"सोमवारी होडेदा.
बेस्तरवारी कोंदा."

कानडीत शब्द दोन आहेत.
काठी एकच.
मी तोंड उघडायच्या आत
कॅम्पात जन्मलेल्या डिमेलोनं ते टाईपही केलं.

मग फोटो मांडले, बारा.
चौथा त्यानं उचलला. "ह्यो न्हवं. ह्यानं एकदा मीठ दिल्लं."
विचारलं तेवढंच सांगा, कॅप्टन म्हणाला,
आणि ते मी मराठीत सांगितलं.
मीठ कागदावर आलं नाही.
नववा फोटो त्यानं पालथा घातला.
"ह्योच."

सोमवारच कशावरून?
अडीच वर्षं ज्याला कॅलेंडर नाही, त्याचा सोमवार कोर्ट कसा मानणार?
कल्लाप्पानं कमरेची सुतळी सोडली.
रोजची एक गाठ, रविवारी दोन.
एका गाठीत केस होते, आखूड, तांबूस.
कॅप्टननं ती चिमटीत धरली,
पाकिटात घातली, लाख वितळवली.
पावती मीच लिहिली:
सुतळी, नग एक. गाठी मोजल्या नाहीत.
वाचून दाखविले, बरोबर आहे.
खाली अंगठा.
सही येत होती त्याला. त्या दिवशी आली नाही.

कागद बोटीनं गेला.
निकाल काय लागला, इकडे कुणी कळवलं नाही.
शनिवारच्या बाजाराला आला की कल्लाप्पा
शाळेच्या फाटकाशी उभा.
"सुतळी आली काय ओ?"
"येईल."
राज्य बदललं. शाळेवरची पाटी दोनदा रंगवली,
अक्षरं एकदा ह्यांची, एकदा त्यांची.
"आली काय?"
"येईल."

शेवटी मीच वाण्याकडून घेतली एक,
अदमासानं तेवढ्याच लांबीची,
दोन दिवस चुलीवर धुरकटवली,
आणि त्याच्या हातात ठेवली.
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत
त्यानं ती बोटांतून सरकवली, सावकाश,
मग वाकून
रताळ्याच्या पोत्याचं तोंड तिनं आवळलं.

"बरी हाय," म्हणाला.
"हिच्यात कोण न्हाई."